हसरा म्हातारा, क्रमांक तीन

८ फेब्रुवारी

प्रिय झाकण्या,

पत्र बघून दचकला असशील. घाबरू नकोस, घरातले सगळे जिवंत आहेत. फोन का करत नाही ते तुला माहीत आहे. मागच्या वेळी आपण दोघं बोलायला लागलो आणि पाचव्या मिनिटाला बाबांनी माझ्या हातातून फोन ओढून तुला त्यांच्या किल्लीवाल्या पक्षाच्या सभेचं वर्णन ऐकवलं. घरच्या ग्रुपवर लिहावं, तर दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला ते पाठ होतं. कागदाचं एक बरं असतं, त्याला बोट लावून पुढे ढकलता येत नाही.

गिरणीच्या आगीचं तुला कळलंच असेल. तुमच्या चॅनेलवर आठवडाभर दुसरं काही नव्हतं. अकरा माणसं गेली. मागच्या दाराला बाहेरून कडी होती म्हणतात. त्यात आपल्या काकांचा लंबू होता. काकांनी एकतीस वर्षं त्या गिरणीत माग चालवला आणि शेवटच्या चार वर्षांत लंबूला हाताला धरून शिकवलं, हे तू विसरला नसशील. निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी लंबू त्यांच्याकडे चहाला यायचा आणि मागाच्या तक्रारी सांगायचा, जणू काही माग म्हणजे सासूच.

त्या दुपारचं तुला नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. काका गिरणीच्या फाटकापासून चालत आले ते स्वतःच्या घरी गेलेच नाहीत, आपल्या पायरीवर बसले. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांना धरवेना. बाबांनी पेला त्यांच्या तोंडाला लावला. चाळीस वर्षांत ज्या दोन भावांनी एकदाही एका चिन्हावर शिक्का मारला नाही, त्यातला थोरला धाकट्याला म्हणाला, "रड रे, रडून घे." छत्रीवाला रडत होता आणि किल्लीवाला त्याची पाठ चोळत होता. मी दारात उभी होते. मला वाटलं, एवढ्या वाईटातून निदान हे एक तरी निघालं.

चौथ्या दिवशी किल्लीवाल्यांचे पुढारी फाटकाशी येऊन रडले. काका त्या दिवशी तापाने अंथरुणात होते, मीच गोळी दिली होती. संध्याकाळी तुमच्या चॅनेलवर ते लागलं. पुढारी डोळे पुसतायत, मग क्षणभर एक म्हातारा खदखदून हसतोय, मग परत पुढारी. खाली मोठी अक्षरं: "कुणाला येतंय हसू?" तो म्हातारा म्हणजे काका.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या प्रत्येक फोनवर नुसतं ते हसणं होतं. पुढारी गळले होते. "अकरा मढ्यांवर हसणारा छत्रीवाला." वाण्याने काकांना सामान दिलं नाही. कुणीतरी खिडकीवर डांबर फासलं.

आता ऐक. त्या हसण्यात काकांचे पुढचे दोन दात दिसतात, एकावर एक चढलेले. ते दात तीन वर्षांपूर्वी काढले. बाकीचेही काढले. कवळी मी स्वतः केली आणि काकांनी वाद घातला तरी सरळ दातांची केली. म्हणजे हे हसणं किमान तीन वर्षं जुनं आहे. आगीवर हसायला ते दात शिल्लकच नव्हते.

तू त्याच इमारतीत बसतोस. हे कुणी जोडलं ते शोध आणि त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घे. काकांनी तुझं नाव झाकण्या ठेवलं तेव्हा महिनाभर रुसला होतास, पण तो कॅमेरा त्यांनीच आणून दिला होता. त्या कॅमेऱ्याचं झाकण न काढता तू अर्धा तास शूटिंग केलंस हा काही त्यांचा दोष नाही.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. वाचून फार वाईट वाटलं. काकांना माझा नमस्कार सांग आणि काही दिवस बाहेर पडू देऊ नकोस.

तुला वाटतं तेवढं हे सोपं नाही. इथे एका बातमीला पंधरा हात लागतात. आमच्याकडे एक मोठी लायब्ररी असते, म्हणजे पुस्तकांची नव्हे, चित्रांची. गर्दी धावते, बाई रडते, मुठी वळतात, म्हातारा हसतो, असे हजारो तुकडे नुसते नंबर टाकून ठेवलेले. घाईच्या वेळी ज्याला जे हाताला लागतं ते तो लावतो. कुणी कधी लावलं याची नोंद राहत नाही. राहिली तरी आमच्यासारख्याला दाखवत नाहीत. तरी मी विचारून बघतो.

एक विचारू? नक्की काकाच आहेत ना? पांढरे केस, मिशी, सुरकुत्या, म्हातारे सगळे सारखेच दिसतात. आणि दीड सेकंदाचा तर तुकडा. गावाने एकदा म्हटलं की आपल्यालाही तसंच दिसायला लागतं.

खरं सांगू, लोक विसरतात. आज हे, उद्या दुसरं. आम्हाला इथे रोज अनुभव येतो, सोमवारी ज्याच्या नावाने बोंब मारली त्याचं नाव शुक्रवारी आम्हालाच आठवत नाही. काकांना म्हणावं, हसतील त्यांचे दात दिसतील, मनावर घेऊ नका.

माझी बातमी म्हणजे मला संध्याकाळच्या मोठ्या कार्यक्रमावर घेतलं. आता रोज त्याचं एडिटिंग माझ्याकडे. बाबांना सांग, खूश होतील. ते रोज बघतात ना?

तुझा,
झाकण्या


२६ फेब्रुवारी

झाकण्या,

हसतील त्यांचे दात दिसतील, हे काकांना नको सांगूस. दात दिसले म्हणूनच तर हे झालं.

आणि "नक्की काकाच ना" असं मला विचारतोस? अरे, मी माणसं तोंडावरून नाही, तोंडातून ओळखते. चौदा वर्षं दातांच्या दवाखान्यात ठसे घेते, मेणात दात बसवते. बाजारात समोरून कुणी नमस्कार केला तर मला नाव आठवत नाही, पण जांभई दिली की खालची डावी दाढ कधी केली ते सांगते. काकांचे दात काढण्याआधी घेतलेल्या ठशाचा पांढरा साचा अजून माझ्या फळीवर आहे. त्यावर तारीख आहे. ते दोन चढलेले दात आंधळ्यालाही बोटाने कळतील.

बाबांना तुझी बढती सांगितली. खूश झाले. रोज बघतात, बघतात म्हणजे काय, त्यासमोर जेवतात, त्यासमोर औषध घेतात. आता त्यांचं ऐक. पहिल्या दिवशी ते हसणं लागलं तेव्हा स्वतः म्हणाले, "हे धाकट्याचं कधीचं तरी जुनं आहे, ह्यांनी काढलंय कुठून?" चौथ्या दिवशी म्हणाले, "जुनं असो नाहीतर नवं, एवढं हसायचं कशाला?" आता म्हणतात, "मी पाहिलं." मी म्हटलं, बाबा, पाणी कुणी पाजलं त्यांना? म्हणाले, "पाजलं. पाणी पिऊन गेला असेल तिकडे हसायला." आणि हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं रे. त्यांना भाऊ गेल्यासारखं दुःख होतंय आणि भाऊ भिंतीपलीकडे बसलाय.

दोन्ही घरांच्या मधलं दार तुला आठवतं ना, ज्यातून आपण लहानपणी जेवायला कुठल्या घरी जास्त चांगलं आहे ते बघून यायचो? बाबांनी त्या दारासमोर कपाट सरकवलं. एकट्याने सरकवलं, कंबर धरली दोन दिवस. कपाटावर टीव्ही ठेवलाय. आवाज वाढवतात तो पलीकडे जावा म्हणून.

आता मुद्द्याचं. कामगार संघाने काकांना २२ मार्चला बोलावलंय. खुलासा पटला नाही तर नाव कमी करणार आणि गिरणीच्या सभागृहात पाऊल ठेवायला बंदी. काका म्हणतात, नाव काढा नाहीतर ठेवा, एकतीस वर्षांचं काम काही कुणी पुसत नाही. त्यांना एकच हवंय. आगीनंतर काकांनी दिलेला जेवणाचा डबा लंबूच्या बायकोने परत केला, तोही न धुता, दारातून आत टाकून. तिला कळावं की मी हसलो नव्हतो, एवढंच. बाकी काही नको म्हणतात.

मी सगळ्यांपुढे दाताच्या कण्या करून दमले. साच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, मी घरची. चॅनेलचा कागद हवा. चित्र आगीच्या आधीचं आहे, एवढी एक ओळ, सही, शिक्का. २२ तारखेच्या आत.

ताई


९ मार्च

प्रिय ताई,

सोबत कागद जोडतोय. बराच आटापिटा करावा लागला. त्यात लिहिलंय: "सदर कार्यक्रमातील काही दृश्ये प्रातिनिधिक स्वरूपाची असू शकतात." आमच्याकडे यापेक्षा जास्त कुणी लिहून देत नाही. सही मिळाली नाही, पण कागद चॅनेलचा आहे, वर नाव छापलेलं आहे. तेवढ्याने काम व्हावं.

तुझं पत्र जरा कडक होतं. मी इथे काय परिस्थितीत असतो ते तुला दिसत नाही. आणि राग मानू नकोस, पण काकांचंही काही कमी नाही. गेल्या निवडणुकीत बाबांच्या सायकलला छत्रीचा झेंडा कुणी लावला होता? तेव्हा अख्खी गल्ली हसली होती. छत्रीवाल्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्याची टिंगलच केली. मग कधीतरी लोकांना वाटणारच की हे हसले असतील. आगीशिवाय धूर निघत नाही.

हे लिहून झाल्यावर वाचलं. आगीचं उदाहरण द्यायला नको होतं. पण खोडलं तर तू विचारशील काय खोडलं म्हणून, राहू दे.

काकांना तब्येतीला जपायला सांग.

झाकण्या


२४ मार्च

झाकण्या,

तुझा कागद मी सभेत वाचला. "प्रातिनिधिक" म्हणजे काय असं सेक्रेटरींनी विचारलं. मागून एकजण ओरडला, "म्हणजे सगळे छत्रीवाले असेच हसतात!" तीनशे माणसं हसली. त्या हसण्याला कुणी नावं ठेवली नाहीत. सेक्रेटरींनी सही कुठाय विचारलं आणि कागद मला परत दिला.

मग मी साचा काढला. टेबलावर ठेवला, तारीख दाखवली, फोनवर ते चित्र थांबवून दोन दात दाखवले. मागच्या लोकांना काय दिसणार? त्यांना एक बाई हातात पांढरा जबडा घेऊन उभी दिसत होती. कुणी म्हणालं, असे दहा करून आणेल ही, धंदाच आहे तिचा.

पहिल्या रांगेत लंबूची बायको बसली होती, काका तिच्याकडे बघत होते. एकदम उठले आणि म्हणाले, "दात बघायचेत ना? बघा." आणि त्यांनी कवळी काढून हातात घेतली आणि तोंड उघडलं. मोठं उघडलं, सगळ्यांना दिसावं म्हणून इकडून तिकडे मान फिरवली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पण दात नसलेलं तोंड एवढं उघडलं की माणूस हसतोय की रडतोय हे लांबून कळत नाही रे. मला रोज पेशंटच्या खुर्चीशेजारी उभं राहून माहीत आहे, तरी मी त्यांना अडवलं नाही. मला वाटलं, आता तरी पटेल. कुठून तरी आवाज आला, "बघा बघा, परत हसतोय!" आणि सगळे फोन वर झाले.

लंबूची बायको उठून गेली. काका तिच्यामागे दोन पावलं गेले, काहीतरी बोलले, पण कवळीशिवाय त्यांचं बोलणं कुणाला कळलं नाही.

बाबा शेवटच्या रांगेत होते. मी तिथूनच हाक मारली. म्हटलं, बाबा, सांगा ना, त्या दुपारी तुम्ही होतात, पाणी तुम्ही पाजलंत. ते उभे राहिले. भावाबद्दल भाऊ काय बोलतो ते ऐकायला सगळे वळले. बाबा म्हणाले, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." आणि खाली बसले.

मला त्यांचा इतका राग आला की घरी येऊन मी त्यांना जेवायला वाढलं नाही. मग वाटलं, हे खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. ते खोटं बोलत नव्हते.

नाव कमी केलं. काकांनी कवळी माझ्या हातात दिली, म्हणाले, "ठेव तुझ्याकडे. तोंड मिटलेलं बरं."

आता एक विचारते. मी ते चित्र फोनवर थांबवून मोठं केलं तेव्हा दातांशिवाय आणखी काही दिसलं. काकांच्या मागे कडा पुसट केल्यात, तरी निळा रंग दिसतो, पोपडे आलेला. आपलं मधलं दार पूर्वी निळं होतं. ते हिरवं केलं त्याला सहा वर्षं झाली. त्या दारापुढे बसलेल्या काकांचं चित्र कुणी काढलं असेल? आपल्या घरात कॅमेरा एकाच माणसाकडे होता.

उत्तर लवकर लिही. नाहीतर लिहूच नकोस.

ताई


३१ मार्च

ताई,

तुझं पत्र यायच्या आधीच मला ती सभा दिसली होती. त्याच संध्याकाळी ते शूटिंग माझ्या टेबलावर आलं. बेचाळीस सेकंद होतं. साहेब म्हणाले, आठ काढ, आवाज बंद कर, खाली लिही "तोच म्हातारा, तेच हसू". मी हेडफोन लावून अख्खं ऐकलं. काका लंबूच्या बायकोमागे जाताना काय बोलले ते तिथे कुणाला कळलं नाही म्हणतेस. मला कळलं. मी पाच वेळा मागे नेऊन ऐकलं. ते म्हणत होते, "पोरी, मी हसलो नाही गं."

मी उठलो. मला वाटलं, मी उठलो की काहीतरी थांबेल. शेजारच्या टेबलावरचा माझ्या खुर्चीत येऊन बसला आणि माझा चहा निवायच्या आत त्याने ते कापून पाठवलं. वाईट माणूस नाही तो. काकांना ओळखत नाही इतकंच.

पहिलं मी कापलं होतं, ताई. तू म्हणालीस कुणी केलं ते शोध, आणि मी तुला पंधरा हात आणि लायब्ररीच्या गोष्टी सांगत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते चित्रही माझंच. काकांनी कॅमेरा आणून दिला त्या दिवशीचं. तू कामावर होतीस. मी अर्धा तास सगळ्या घराचं शूटिंग करत फिरलो, मग मधल्या दारात बसलेल्या काकांसमोर आलो, तेव्हा ते हसायला लागले आणि म्हणाले, झाकण काढ की आधी. मी काढलं तेव्हा ते अजून हसतच होते. मी आयुष्यात घेतलेलं पहिलं चित्र ते.

नोकरी लागली तेव्हा लायब्ररीत हसणारी म्हातारी माणसं कमी होती. रडणारी पुष्कळ होती. मी ते टाकलं. त्यावर नाव आहे: हसरा म्हातारा, क्रमांक तीन. वर्षभर कुठे कुठे वापरलं, मधुमेहाच्या कार्यक्रमात, निवृत्तिवेतनाच्या बातमीत. कुणाचं काही बिघडलं नाही. त्या दिवशी पुढारी रडत होते आणि साहेब म्हणाले, नुसतं रडणं किती वेळ दाखवणार, समोरच्या पक्षाचे काय करतायत ते दाखव. समोरच्यांचं शूटिंगच नव्हतं. सात मिनिटं होती हातात. मला माहीत होतं ते काका आहेत. मला वाटलं, दीड सेकंद, कडा पुसट, कोण ओळखतंय? काका छत्रीवाले आहेत हे तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं. त्यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही.

आणखी एक सांगतो, ते कुणाला सांगितलेलं नाही. रात्रीच्या पुनःप्रक्षेपणात मी ते खाली कँटीनच्या टीव्हीवर पाहिलं. सगळे घास हातात धरून बघत होते. पुढाऱ्याने डोळे पुसले, मीही पुसले. मग ते हसणं आलं आणि मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला. मी कापलेलं, मी जोडलेलं, माझे काका, आणि मला संताप आला. क्षणभरच, पण खरा. म्हणून बाबांना दोष देऊ नकोस.

त्या आठवड्यात तो कार्यक्रम सगळ्यांत जास्त पाहिला गेला. माझी बढती त्याची.

सोबत कागद आहे. या वेळी खाली माझं नाव आहे, सही आहे, चित्र कधीचं, कुठे काढलं, कुणी कापलं, सगळं आहे. एक प्रत मी साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. उद्यापासून मला तिथे जायचं नाही. संघाला दाखव, लंबूच्या बायकोला दाखव. सगळ्यांत आधी काकांना दाखव. त्यांच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही, हे मात्र त्यांना सांगू नकोस, त्यांना ते कळेलच.

तुझा भाऊ


२२ एप्रिल

झाकण्या,

काका चार तारखेला गेले. तुझं पत्र सहा तारखेला आलं.

तुला कळवलं नाही, मुद्दाम कळवलं नाही. पहिले दोन दिवस फोनला हात लावला नाही, मग पत्र वाचलं आणि ठरवलं की तुला आता परक्याकडून कळू दे. तुला शिव्या देणारी तीन पत्रं लिहिली आणि फाडली. आज राग गेला म्हणून लिहीत नाही, बाबांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिते.

सभेनंतर काकांनी कवळी लावलीच नाही. पातळ पेज, चहा, एवढ्यावर होते. मी रोज सकाळी कवळी घेऊन जायची आणि ते मान हलवायचे. दुसरं चित्र गावभर फिरलं तेव्हा पोरं खिडकीशी येऊन तोंड वासून दाखवायची. काका खिडकी लावून घ्यायचे, ओरडायचे नाहीत. एका सकाळी मी गेले तर चहा तसाच होता. डॉक्टर म्हणाले हृदय. म्हणू देत.

न्यायला आम्ही सहाजण होतो, त्यातले दोघे दवाखान्याचे. बाबा आले नाहीत. टीव्ही चालू होता.

तुझा कागद घेऊन मी संघात गेले. सेक्रेटरींनी नीट वाचला, चष्मा पुसून परत वाचला. म्हणाले, "माणूसच राहिला नाही, आता नाव कुठे घालू?" आणि खणात ठेवला. लंबूच्या बायकोकडे गेले. तिने दारातच वाचला. म्हणाली, "पुतण्याच ना हा त्यांचा? घरचा माणूस काकाच्या बाजूनेच लिहिणार." मी म्हटलं, अगं, नोकरी सोडली त्याने. म्हणाली, "छत्रीवाल्यांनी दुसरी दिली असेल." तिचा आवाज कडू नव्हता, थकलेला होता. तिचा माणूस जळून मेलाय आणि दाराला कडी कुणी घातली ते अजून कुणी सांगितलेलं नाही. तिला हसणारा म्हातारा तेवढा मिळालाय. तो मी कसा काढून घेऊ?

परवा मी कामावरून आले तर बाबांनी कपाट हलवलं होतं. टीव्ही जमिनीवर, वायर निघालेली. मधलं दार उघडं होतं आणि ते काकांच्या खाटेवर बसले होते. मला म्हणाले, "त्या दुपारी मीच त्याला पाणी पाजलं होतं ना गं?" मी म्हटलं, हो. "पेला मीच धरला होता?" हो बाबा. त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, "मग टीव्हीवर कोण होता?"

मी तुझा कागद त्यांच्या हातात दिला. झाकून ठेवायचं ठरवलं होतं, पण या घरात आता मला काही झाकायचं नाही. त्यांनी वाचला. घडी घालून खिशात ठेवला. संध्याकाळी म्हणाले, "डोळे मिटले की धाकटा तसाच हसताना दिसतो, आवाज नसलेला. दुसरा कुठला धाकटा मला आठवतच नाही. झाकण्याला लिही, ते शूटिंग घेऊन ये. दीड सेकंदाचं नको, अख्खं. त्या दिवशी तो काय बोलला, ते त्याच्या आवाजात मला ऐकू दे."

तेव्हा ये. मी तुझ्याशी बोलेन की नाही माहीत नाही. पण बाबा दार उघडं ठेवून बसलेत. ते अख्खं घेऊन ये.

ताई


३० एप्रिल

ताई,

पत्र तीन दिवसांपूर्वी मिळालं. काका गेल्याचं मला तुझ्याकडूनच कळलं, परक्याकडून नाही. इथे मला तसं सांगणारं कुणी नाही.

शुक्रवारी पोचतो.

अख्खं नाही, ताई. झाकण काढल्यानंतरचं ते तेरा मिनिटांचं होतं. नोकरी लागली त्या आठवड्यात लॅपटॉपवर जागा कमी पडत होती. मी हसण्याचे चार सेकंद कापून लायब्ररीत टाकले, आणि आता कामाचं काही उरलं नाही म्हणून बाकीचं पुसून टाकलं. दोन दिवस एका दुकानात बसून होतो, पुसलेलं परत काढून देतात ते. निघालं नाही. त्या चार सेकंदांत आवाज नाही.

काका काय बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. झाकणावरून हसून झाल्यावर ते बाबांना हाक मारून म्हणाले होते, "दादा, बाहेर ये, पोराच्या पहिल्या फोटोत तूही हवास." बाबा बातम्या बघत होते, ते आले नाहीत. मी त्यांच्यासमोर बसून हे सांगेन. फक्त, मी सांगतोय ते खरं माना, असं मी त्यांना कोणत्या तोंडाने म्हणू?

झाकण्या